इंदुताईंचा राबार्बर

इंदुताई केलर ऑक्टोबरात गेल्या. मराठी मंडळाच्या ग्रुपवर अश्विनीने बातमी टाकली आणि खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. कुणी लिहिलं, 'प्रेमळ व्यक्तिमत्त्व.' कुणी लिहिलं, 'सदैव हसतमुख असायच्या.' मी ऑफिसात होते, मीटिंग चालू होती, आणि तो 'हसतमुख' शब्द वाचून माझं टाळकं असं सणकलं की मी लॅपटॉप मिटून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. हसतमुख? इंदुताई? जर्मनीत, बॉबलिंगेनमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा वर्षं भाड्याने राहिलो. त्या सहा वर्षांत त्या चारदा हसल्या असतील, आणि त्यातल्या दोनदा माझ्या फजितीवर. ज्या बायकांनी हे लिहिलं, त्यांनी शेवटच्या वर्षभरात ताईंना साधा फोन केला नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. खोटं बोललेलं चालतं बहुतेक.

तर खरं सांगते. इंदुताई रागीट होत्या. सकाळी उठल्यापासून त्यांचा पारा चढलेला असायचा आणि दिवसभर त्याला काही ना काही कारण मिळत जायचं. टपालवाल्याने गेट उघडं टाकलं, शेजाऱ्याने बाटल्या चुकीच्या डब्यात टाकल्या, मी जिना झाडताना कोपरे सोडले. आमच्या भागात जिना झाडायची पाळी असते, केअरवोखं म्हणतात तिला. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवतात. माझ्या पाळीत ताई शनिवारी दुपारी गुडघ्यावर बसून पायऱ्यांच्या कडेवरून बोट फिरवायच्या आणि ते बोट मला दाखवायच्या. एक अक्षर बोलायच्या नाहीत. आमच्या घरी सासूबाईंनीही कधी माझा असा अपमान केला नव्हता.

मूळच्या सांगलीच्या. रसायनशास्त्र शिकून इथे आल्या, रंगांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागल्या, तिथल्याच मानफ्रेड केलर नावाच्या माणसाशी लग्न केलं. आम्ही राहायला गेलो तेव्हा ते वारून बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. कपाळावर बारीक टिकली, अंगात मानफ्रेडचा जुना, कोपरापाशी फाटलेला, टोपीवाल्या जाकिटासारखा अनोराक, पायात हिरवे गमबूट, अशा त्या घराच्या मागच्या उतारावरच्या बागेत दिसायच्या. बागेत कांदे होते, मुळे होते, एक सफरचंदाचं झाड होतं, पण या सगळ्यांना त्या लष्करातल्या शिपायांसारखं वागवायच्या. जीव होता तो राबार्बरवर, आंबट देठांच्या त्या झाडावर. कंपोस्टच्या ढिगाजवळ ओळीने सहा झाडं होती. हाताएवढे लांब, बुडाशी लाल आणि वर हिरवे होत गेलेले देठ, आणि त्यांच्यावर छत्रीएवढी पानं. मी एकदा 'रुबार्ब' म्हणाले तर माझ्यावर खेकसल्या, "राबार्बर म्हण. इथल्या मातीत उगवतो, इथलं नाव घे."

पहिल्याच मे महिन्यात मी मदत करावी म्हणून स्वयंपाकघरातली सुरी घेऊन बागेत गेले.

"सुरी कशाला? कुणाचा खून करायचाय?"

"देठ कापायला, ताई."

"कापतात होय? कापलं की खुंट राहतो. खुंट कुजतो. कूज खाली कंदात उतरते आणि वीस वर्षांचं झाड एका पावसात संपतं. ठेव ती सुरी तिकडे." मग खाली वाकून त्यांनी एक देठ अगदी बुडाशी धरला, थोडा पिरगाळला आणि ओढला. तो चट्‌दिशी आवाज करून मुळापासून सुटून आला. "दार उघडताना मूठ फिरवतेस की दारच उपटतेस? तसं."

मी तीन देठ मोडले, चौथा नीट आला. मग त्यांनी पानाचा सगळा पंखा देठापासून तोडला आणि तो माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय?"

"पान."

"हे विष. देठ खायचा, पान ढिगावर टाकायचं. म्हण."

"देठ खायचा, पान टाकायचं."

"पुन्हा."

मी तीनदा म्हटलं. बत्तीस वर्षांची बाई, एका कंपनीत टीम सांभाळणारी, भर बागेत शाळेतल्या पोरीसारखी पाठ म्हणत होते. मला तेव्हा फार राग आला होता.

त्यांची म्हणून काही वाक्यं होती आणि ती सगळी राबार्बरवरून आलेली होती. नवं झाड लावलं की पहिल्या वर्षी त्याला हात लावायचा नाही, दुसऱ्या वर्षी नुसतं चाखायचं, तिसऱ्या वर्षी खायचं, असा नियम आहे. ताई तो सगळीकडे लावायच्या. नवी नोकरी, नवी सून, नवा देश. "पहिल्या वर्षी काही मागू नकोस, काही ओरबाडू नकोस, मूळ धरू दे." झाडाला फुलोरा आला की तो लगेच पिरगाळून काढायच्या, कारण तो सगळं बळ खातो. मंडळाने एका गुढीपाडव्याला ड्रोन आणून शोभायात्रेचं चित्रीकरण केलं, तेव्हा तिथेच सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्या मंडळाला फुलोरा आलाय." अश्विनी, जी मंडळाचं सगळं बघते, तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

पण मे महिन्याचे शनिवार आले की त्याच अश्विनीसकट सगळं मंडळ कापडी पिशव्या घेऊन ताईंच्या गेटवर हजर असायचं. कारण इथे कैरी मिळते ती दगडासारखी, आणि ताईंनी चाळीस वर्षांपूर्वीच शोधून काढलं होतं की राबार्बरचं पन्हं होतं. देठ उकडायचे, कुस्करायचे, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. मेथांबाही होतो. आमटीत आमसुलाऐवजी दोन तुकडे टाकले तरी चालतात. हे त्या प्रत्येक नव्या मुलीला दरडावून शिकवायच्या आणि लिहून न घेतलं तर देठ परत घ्यायच्या. पन्ह्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. त्यांच्या जर्मन सासूने आठ वर्षं त्यांना नावाने हाक मारली नव्हती. "ती" म्हणायची. "तिला सांग जेवण झालंय." मग एका उन्हाळ्यात ताईंनी तिच्याच बागेतल्या राबार्बरचं पन्हं करून तिला दिलं. ती पेला रिकामा करून म्हणाली, "इंदू, अजून आहे का?"

मी म्हटलं, "वा! किती छान वाटलं असेल."

"छान? संताप झाला माझा. पन्ह्यासाठी नाव घेतलं. माझ्यासाठी नाही घेतलं."

आता निखिलबद्दल सांगायला हवं. निखिल माझा नवरा. आमच्या तिसऱ्या वर्षी त्याच्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलं, आणि त्याच वेळी कराडला त्याचे बाबा अत्यवस्थ झाले. देश सोडला तर परत येता येईल असा कागद हातात नव्हता आणि आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी लोकांचं ते कार्यालय, सहा आठवड्यांनंतरची वेळ देत होतं. ताईंना कळलं. सकाळी साडेसातला त्या गमबुटांसकट आमच्या गाडीत येऊन बसल्या. काउंटरवरच्या तरुणाने त्यांची टिकली पाहिली आणि लहान मुलाशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने बोलायला लागला. ताईंनी त्याला बोलू दिलं. मग आमच्या या श्वाबेन भागातल्या शेतकऱ्यांच्या अस्सल बोलीत त्याला असं काही फैलावर घेतलं की रांगेतले जर्मन मागे वळून बघायला लागले. तो बिचारा उत्तरेकडचा होता, त्याला निम्मं कळलंच नाही. "तू रांगत होतास तेव्हापासून मी या गावात जिने झाडतेय," हे वाक्य मला कळलं. अकरा वाजता निखिलच्या हातात कागद होता. तो कराडला पोहोचला, बाबांनी त्याला ओळखलं, चार दिवसांनी ते गेले. परत आल्यावर तो ताईंच्या पायाशी वाकला तर म्हणाल्या, "गमबुटाला काय नमस्कार करतोस, माती लागेल."

हे मी मुद्दाम सविस्तर सांगितलं. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

पाचव्या वर्षी मे महिन्यात सासूबाई आमच्याकडे दोन महिने राहायला आल्या. बाबा गेल्यापासून त्या गप्प झाल्या होत्या. जेवायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, बाल्कनीत बसून खालची बाग बघत राहायच्या. एका शनिवारी आम्ही अश्विनी आणि तिच्या घरच्यांना जेवायला बोलावलं होतं. ताई सकाळी गुडघ्याच्या व्यायामासाठी गेल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी देठ काढले होते आणि पानं ढिगावर टाकली होती. सासूबाईंनी वरून ती पानं पाहिली. एवढी मोठी, कोवळी, लुसलुशीत पानं उकिरड्यावर! कराडच्या बाईच्या डोळ्यांना ते सहन होणार होतं का? त्या खाली गेल्या, एक पान चुरगाळून जिभेला लावलं, आंबट लागलं. "आंबट आहे म्हणजे खाजणार नाही," असा त्यांनी निष्कर्ष काढला. "अळू आणि चुक्याचं लग्न लावल्यासारखं पान आहे ग," हे त्यांनी मला नंतर, अंथरुणात पडल्या पडल्या सांगितलं.

मी बाजारातून आले तेव्हा अळूवड्या तळून झाल्या होत्या. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच सासूबाईंच्या चेहऱ्यावर तेज होतं. मी विचारलं, "आई, अळू कुठे मिळालं?" त्या म्हणाल्या, "गंमत आहे." तेवढ्यात बेल वाजली, अश्विनी आली, आणि मी ती गंमत विचारायची विसरले. पानाबद्दल मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं निखिल सांगेल, निखिलला वाटलं होतं मी सांगेन. तीनदा पाठ म्हणून घेतलेलं वाक्य मी घरातल्या एका माणसाला सांगितलं नाही.

चार वाजेपर्यंत सगळ्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. सासूबाईंना उलट्या, मला उलट्या. अश्विनीच्या सात वर्षांच्या मुलीने तर दोनच वड्या खाल्ल्या होत्या, पण तिची अवस्था बघवेना. सासूबाईंनी कण्हत कण्हत सांगितलं तेव्हा मला कळलं पानं कुठली ते. मुलीला हॉस्पिटलात नेलं, काय खाल्लं गेलं ते मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तिला सलाइन लावून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. ती बरी झाली, सगळेच दोन दिवसांत बरे झाले. ते सोडा.

त्या हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये अश्विनी रडत निखिलला म्हणाली, "पण ही पानं आली कुठून तुमच्याकडे? कुणी आणली?"

निखिल म्हणाला, "खालच्या ताईंनी दिली."

मी त्याच्या शेजारी उभी होते. पोट दुखत होतं, हे खरं आहे. पण तोंड दुखत नव्हतं. मी काही बोलले नाही. गाडीत त्याला विचारलं तर म्हणाला, "मग काय आईचं नाव सांगू? इतक्या महिन्यांनी ती स्वयंपाकघरात गेली होती. लोक तिला काय काय बोलले असते. आणि ताईंना काय फरक पडतो, त्या खमक्या आहेत." हे मला त्या वेळी पटलं. ते मला पटलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

दोन दिवसांत मंडळभर झालं की केलरताईंनी विषारी पानं दिली. आठवड्याभरात झालं की त्यांना हल्ली काही आठवत नाही. महिनाभरात झालं की एकट्या राहून डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, लहान मुलांना त्यांच्याकडे नेऊ नका. मे महिन्याचे उरलेले शनिवार ताई गेटपाशी देठांच्या जुड्या बांधून बसल्या. कुणी आलं नाही. आम्ही त्यांना नुसतं पोट बिघडल्याचं सांगितलं होतं. त्यांना वाटलं, परीक्षा असतील मुलांच्या. आणि एवढ्या झटकन सगळ्यांचा विश्वास कसा बसला, ते मी तुम्हाला सांगते. ताई रागीट होत्या म्हणून बसला. गोड बोलणाऱ्या बाईने खरंच पानं दिली असती तरी सगळे म्हणाले असते, चुकून झालं असेल बिचारीकडून.

सासूबाई जुलैत परत गेल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. गणपतीच्या आधी अश्विनीने ताईंना फोन करून अगदी मधाळ आवाजात सांगितलं की यंदा तुम्ही घरून काही करून आणू नका, आम्ही सगळं केटररला दिलंय. ताईंना शंका आली आणि त्यांनी तिच्याकडून सगळं काढून घेतलं. मग त्या जिना चढून वर आल्या. निखिल बाहेर होता.

"मी पानं दिली?"

"नाही, ताई."

"कुणी घेतली?"

"आईंनी. ढिगावरून."

"मग मी दिली असं कोण म्हणालं?"

"निखिल."

"तू कुठे होतीस?"

"तिथेच."

त्या ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्या जिन्याचा कठडा धरून उभ्या राहिल्या. "आल्झो, अस्सं तर," म्हणाल्या. "चाळीस वर्षं या लोकांना खाऊ घातलं. एकाला पुरणपोळी येत नव्हती, एकीला भात. वेडी म्हणा, चालेल. पण मी पोराला विष घातलं?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मंडळात उभी राहून सांगशील?"

मी म्हणाले, "सांगते."

आणि सांगितलं नाही. गणपतीत ताई मुद्दाम आल्या. मे महिन्यात फ्रीजरमध्ये ठेवलेल्या देठांचा केक करून आणला होता, वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस भाजून केलेला तो थर. आरती झाली, लोक जेवले, टेबलावरचं सगळं संपलं, केकचा ट्रे तसाच. एका छोट्या मुलीने हात पुढे केला तर तिच्या आईने तो धरून मागे घेतला. ताई समोरच्या खुर्चीत सरळ बसून हे बघत होत्या. मी उठले, सगळ्यांना दिसेल असे दोन मोठे तुकडे घेतले आणि उभ्याउभ्या खाल्ले. मला वाटलं, फार मोठं धाडस केलं मी. परत येताना गाडीत ट्रे मांडीवर घेऊन ताई म्हणाल्या, "दोन तुकडे खाल्लेस. तोंड भरलेलं होतं म्हणूनच बोलता आलं नसेल, गेनाऊ? बरोबर ना?"

ते वाक्य माझ्या घशात दिवाळीपर्यंत अडकून राहिलं. पाडव्याच्या दिवशी कराडला फोन केला तेव्हा मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. मग त्या बोलल्या.

"मला वाचवायला सांगितलं होतं का मी तुम्हाला? अगं, मी माझ्या हाताने पानं काढली, माझ्या हाताने वड्या केल्या. अडाणीपणा झाला, कबूल. पण त्या बाईने माझ्या नवऱ्याचं तोंड माझ्या मुलाला दाखवलं, आणि तुम्ही तिच्या तोंडाला काळं फासलंत? माझं नाव पुढे करून? दे तिचा नंबर."

थोड्याच वेळात खालून ताईंचा आवाज आला. "अहो, दार वाजवायचं! विचारायचं!" मग ऐकून घेण्याइतका विराम. मग, "घरी नव्हते तर थांबायचं! अळू काय पळून जात होतं?" तासभर चाललं ते. त्यानंतर दर रविवारी त्या दोघी फोनवर भांडायच्या. ताईंचे ते रविवार बरे जायचे.

संक्रांतीचं हळदीकुंकू अश्विनीकडे होतं. ताई आल्या नाहीत. सासूबाईंनी मला बजावून ठेवलं होतं, म्हणून मी तिच्या मोठ्या टीव्हीवर त्यांना व्हिडिओ कॉल लावला. डोक्यावर पदर घेऊन त्या नीट बसल्या होत्या. "पानं मी काढली होती. केलरताईंना ठाऊकसुद्धा नव्हतं. माझी चूक, तिची नाही. मला क्षमा करा आणि तिची क्षमा मागा," असं त्या स्पष्ट म्हणाल्या. आणि अश्विनी काय म्हणाली असेल? डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काकू, किती मोठं मन तुमचं! दुसऱ्याची चूक स्वतःवर घेताय." बायकांनी माना डोलावल्या. सासूबाई टीव्हीत "अगं नाही, अगं ऐक" म्हणत राहिल्या.

तेव्हा कुठे माझी जीभ सुटली. मी उभी राहिले, वाणाचा डबा हातातच होता. "त्या खरं सांगताहेत. निखिल खोटं बोलला आणि मी शेजारी उभी राहून ऐकलं. ताईंनी पहिल्याच वर्षी मला तीनदा सांगितलं होतं की पान विष आहे." निखिल दारापाशी पुरुषांच्या घोळक्यात उभा होता. तो खाली बघायला लागला. मग अश्विनीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "असू दे ग. जुनं झालं आता. तिळगूळ घ्या सगळ्यांनी."

मी घरी येऊन थेट ताईंचं दार वाजवलं आणि सांगितलं.

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"असू दे म्हणाल्या."

"कुणाचं असू दे? माझं? माझं असू दे म्हणणाऱ्या त्या कोण?" दार इतक्या जोरात आपटलं की वरच्या आमच्या कपाटातल्या बशा वाजल्या.

वसंतात राबार्बर जमिनीतून लाल मुठी काढून वर आला, तेव्हा ताईंनी बागेच्या, मागच्या गल्लीकडच्या गेटवर एक लाकडी पाटी ठोकली. काळ्या रंगाने, ठसठशीत देवनागरीत. 'राबार्बर २४ जूनपर्यंत मिळेल. ज्यांनी मला वेडी ठरवलं त्यांनी आधी माफी मागावी. पानं कुणालाही दिली जात नाहीत, पूर्वीही दिली गेली नव्हती.' जाणारे-येणारे जर्मन थांबून ती अक्षरं निरखायचे. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने विचारलं तर ताईंनी सांगितलं, "बागेचे नियम." त्याने आदराने मान हलवली.

अश्विनी एकदा पिशवी घेऊन आली. काही झालंच नाही अशा थाटात म्हणाली, "ताई, पन्ह्यापुरते द्याल ना?" ताईंनी पाटीकडे बोट केलं. अश्विनीने वाचलं, हसली, "तुम्ही पण ना, ताई!" आणि दोन मिनिटं उभी राहून रिकामी पिशवी घेऊन गेली. माफीचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. बाकीच्या तर त्या रस्त्यालाच फिरकल्या नाहीत. सगळा मे आणि निम्मा जून ते देठ तसेच उभे होते, मनगटाएवढे जाड होऊन, आणि ताई रोज संध्याकाळी पाटीखाली खुर्ची टाकून बसायच्या.

निखिल माझ्याशी तेव्हा जेवढ्यास तेवढं बोलत होता. आईसमोर मला खोटारडा ठरवलंस, असं त्याचं म्हणणं. सासूबाईही त्याच्याशी रविवारी बोलायच्या नाहीत, फोन मला द्यायला लावायच्या. ताई जिन्यात दिसल्या की तो पायरीवर थबकून त्या जाईपर्यंत मोबाइलमध्ये बघत राहायचा.

त्यानंतरही, ऑक्टोबरात त्या जाईपर्यंत, मी ताईंना पुष्कळदा पाहिलं असेल, पण मला शेवटचं म्हणून आठवतं ते हे. जूनमधली सकाळ. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. निखिल पुढच्या दाराने बाहेर पडला. मला वाटलं ऑफिसला निघाला. पण तो घराला वळसा घालून मागच्या गल्लीतल्या त्या गेटपाशी गेला, परक्यासारखा, आणि त्याने घंटी वाजवली. ताई झाडांच्या बुडाशी कंपोस्ट पसरत होत्या.

"कोण आहे?"

"मी, निखिल."

"काय पाहिजे?"

तो हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

"ऐकू येत नाही. मोठ्याने."

समोरचा म्हातारा फुटपाथ झाडत होता, तो थांबला. निखिलने एकदा वर बाल्कनीकडे पाहिलं आणि मग त्या शांत गल्लीत मोठ्याने, मराठीत म्हणाला, "ताई, पानं तुम्ही दिली नव्हतीत. मी खोटं बोललो. मला माफ करा."

ताई उठल्या. गुडघा धरून, वेळ घेत गेटपर्यंत आल्या. अनोराकला हात पुसले. गेट उघडलं नाही.

"माफी घेतली," त्या म्हणाल्या.

तो म्हणाला, "आईने सांगितलंय, ताईंकडून चार देठ आण आणि पन्हं करून पी."

"आज तारीख काय?"

"पंचवीस."

"पाटी वाच."

त्याने वाचली.

"काल संपला हंगाम. आता काढले तर झाडाला पुढच्या सालासाठी बळ उरत नाही. तुला एक दिवस उशीर झाला." मग त्याच्याकडे जरा वेळ बघून त्या म्हणाल्या, "पुढच्या मे महिन्यात ये. पहिले देठ तुझे."

निखिलने मान हलवली आणि पुढच्या दाराने वर आला. ताईंनी ओढून पाटी काढली, बगलेत मारली आणि बादली उचलून परत झाडांकडे गेल्या.